मे महिन्यात खाली येणारी रेघ

दिवाळी उलटून गेल्यानंतरची संध्याकाळ. वहिनी ओटीवर सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती आणि भाचा तिच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. आमच्या घरच्या कोकमाच्या धंद्याला बाहेरचं भांडवल मिळवायचं, तर गुंतवणूकदाराला दाखवायला पिच डेक हवा, म्हणजे धंदा थोडक्यात मांडणारी पानं, म्हणून त्याने नेटवरचा एक फुकट नमुना उघडला होता. एकेक पान सरकवत तो आईला सांगत होता, इथे आपलं नाव येणार, इथे फोटो, इथे आपली माणसं. एका पानावर नुसता आलेख होता. डावीकडे तळातून निघालेली हिरवी रेघ उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पोचली होती आणि तिच्या टोकाला बाण होता. वहिनीचा हात सुपातच थांबला.

"ही कशाची रेग?"

"अजून कशाचीच नाय. आपले आकडे घातले काय आपली होतली."

"मगे आदीच वर कशी गेली?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मला काही सुचलं नाही. वहिनी पुन्हा कुळथातले खडे वेचायला लागली, भाच्याने पान पुढे सरकवलं, आणि तो प्रश्न रात्रीच्या शेवटच्या एसटीने माझ्याबरोबर कुडाळला आला.

कुडाळात मी लहान उद्योगांची हिशेबाची कामं करते. उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेला द्यायचे प्रकल्प अहवाल. प्रकल्प अहवालाचा मला सराव आहे. त्यात यंत्रांची कोटेशनं असतात, जागेचे उतारे असतात, आणि शेवटच्या तक्त्यात नफा दरवर्षी थोडा थोडा वाढत जातो, कारण तो वाढला नाही तर फाइल टेबलावरून हलत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली आलेल्या केंद्राच्या योजनेत कर्जाला जोडून 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं होतं, आणि त्यातून आमच्या भागात बऱ्याच जणांकडे ड्रायर आले, बाटल्या भरायची यंत्रं आली. योजना चांगलीच होती. पण भाच्याकडे शेड होती, यंत्रं होती. त्याला हवा होता तो भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात त्या दीड-दोन महिन्यांत एकदम लागणारा रोख पैसा, आणि तो वर्षभराने परत येईल हे मान्य असणारा कोणीतरी. असा माणूस शोधायचा तर त्याच्यापुढे काय ठेवायचं, तो विचार करण्यात आमचा पुढचा सगळा हिवाळा गेला.

साधनं फुकटची होती आणि चांगली होती, हे आवर्जून सांगायला हवं. कॅन्व्हातले नमुने बघत राहावेत इतके देखणे. फक्त ज्या चित्रावर छोटा मुकुट दिसेल त्याला पैसे पडतात, ते सोडून द्यायचं. गुगल स्लाइड्स त्या मानाने साधं, पण आम्ही शेवटी तिथेच स्थिरावलो. भाचा कामानिमित्त पुण्याला गेलेला असला तरी तिथून, मी कुडाळातून आणि वहिनीकडचा फोन गावातून, अशी एकच फाइल तिघांकडे उघडी राहायची. कोणी काय बदललं ते मागे जाऊन बघता यायचं. गावात रेंज मिळते ती मागल्या पडवीत, तीही वाऱ्यावर अवलंबून. म्हणून भाच्याने ऑफलाइनची सोय चालू करून ठेवली होती, म्हणजे वीज आणि नेट दोन्ही गेलं तरी केलेलं काम जात नसे. अक्षरांचं थोडं जुळवून घ्यावं लागलं. इंग्रजीत ऐटबाज दिसणाऱ्या पुष्कळ फॉन्टांत देवनागरी नसतेच. आपण मराठी लिहिलं की सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट घालतं आणि ओळी खालीवर होतात. मग मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला. तो मोफत आहे, मराठी-इंग्रजी एकमेकांशेजारी शांत बसतात, आणि मोबाइलवरही वाचता येतो. मराठीत का, असं मला एकाने विचारलं. गुंतवणूकदाराला इंग्रजीच द्यायचा होता. पण धंदा वहिनी चालवते. प्रत्येक पान आधी तिला वाचता आलं पाहिजे आणि तिला पटलं पाहिजे, मगच ते इंग्रजीत जाईल, हे भाच्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

पिच डेकचा साचा तसा जुना आहे. पॉवरपॉइंट 1987 साली आलं, तेही आधी मॅकिंटॉशवर. त्याआधी लोक पारदर्शक कागदांवर लिहून भिंतीवर पाडत. नव्या उद्योगांवर लिहिणाऱ्या गाय कावासाकी या लेखकाचा नियम भाच्याला पाठ होता: पानं 10, वेळ 20 मिनिटं, अक्षर 30 पॉइंटांपेक्षा लहान नको. सेक्वोया या भांडवल पुरवणाऱ्या कंपनीने सुचवलेला क्रमही त्याने काढून आणला. अडचण कोणती, तुमचा तोडगा काय, हे आत्ताच का, बाजार केवढा, स्पर्धक कोण, पैसा कसा मिळणार, माणसं कोण. मला हा क्रम आवडला. बाजारातला जुना वाणी उधारी देण्याआधी हेच विचारतो, फक्त बोलता बोलता. प्रश्न सरळ आहेत. त्यांची खरी उत्तरं शोधायला बसलो तेव्हा मात्र आपल्याच घरातल्या, रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टी नव्याने कळायला लागल्या.

अडचणीचं पान सगळ्यात लवकर झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावात कुठल्याही बांधावर जाऊन उभं राहावं. झाडाखाली लाल-जांभळा चिखल झालेला असतो, त्यावर माश्या, आणि आंबूस गोड वास पार रस्त्यापर्यंत. भिरंडं पिकायची वेळ आणि पाऊस यायची वेळ इतकी जवळ आहे की दरवर्षी कितीतरी फळ झाडाखालीच कुजतं. सोलं करायची तर ऊन लागतं. फळ फोडायचं, गर आणि बिया वेगळ्या करायच्या, साली वाळत घालायच्या, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, अशी पुटांवर पुटं द्यायची. मध्येच वळीव आला की केलेली मेहनत बुरशीला. म्हणून ड्रायर, म्हणून आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, आणि म्हणून साखरेतलं अमृत कोकम. भाच्याने त्या चिखलाचाच फोटो घातला आणि खाली एक ओळ लिहिली. त्या पानावर आणखी काही लागलं नाही.

बाजाराच्या पानावर दोन रात्री वाद झाला. नेटवरच्या सल्लागारांची पद्धत अशी की देशातल्या थंड पेयांचा सगळा बाजार घ्यायचा, त्याचा एक टक्का आपला म्हणायचा, की कोटींचा आकडा तयार. मी म्हटलं, त्यापेक्षा खालून मोजू. मुंबई-गोवा महामार्गावर ज्या खानावळींत ताटाबरोबर सोलकढी देतात, त्यांतल्या किती जणी आगळ विकत घेतात, महिन्याला किती लिटर, पैसे किती दिवसांनी देतात. भाच्याने खरोखर गाडी काढली आणि सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत विचारत गेला. आकडा लहान आला, पण त्यातल्या प्रत्येक लिटरामागे एक दार होतं. त्याच शोधात एक गोष्ट हाती लागली, जी मला आजही आनंद देते. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या चॉकलेटविषयीच्या निर्देशात कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त 5 टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतींच्या चरबीची यादी आहे. त्या सहांत कोकम आहे, आणि आंब्याच्या बाठ्यातली चरबीसुद्धा. भेगाळलेल्या टाचांना आजी जे भिरंडेल लावायची, चुलीजवळ नेलं की ज्याची कडक वडी पातळ व्हायची, तेच. आमच्याकडे बियांची रास शेडच्या मागे पडलेली असते आणि मिळेल त्या भावाला जाते. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती उठून मागे गेली आणि त्या राशीवर ताडपत्री घालून आली.

स्पर्धकांचं पान आलं आणि आम्ही तिघं गप्प झालो.

नमुन्यात चार चौकोनांची आकृती होती. तीन चौकोनांत इतरांची बोधचिन्हं लावायची, वरच्या उजव्या चौकोनात आपलं. भाच्याने दुकानांत मिळणाऱ्या कोकम सरबतांची नावं लावायला घेतली. वहिनी बघत होती. ती म्हणाली, "आमच्याशी कोण स्पर्धा करतलो? जेका आगळ होया तेची आवस नायतर मावशी घरात करता." हे अगदी खरं आहे. मे महिना संपता संपता गावाहून मुंबईला परतणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डिकीत आगळाच्या बाटल्या असतात. पाण्याच्या जुन्या बाटल्या धुऊन भरलेल्या, बुचाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट केलेल्या, आणि वर जुन्या साडीत गुंडाळलेली सोलांची पुरचुंडी. ज्यांची गाडी नाही त्यांचं एसटीच्या पार्सलने जातं. त्याला किंमत नसते, त्यावर नाव नसतं. चांगलं आगळ म्हणजे ओळखीतलं आगळ, ही कोकणी माणसाची पक्की समजूत आहे, आणि विकतच्या बाटलीचा पहिला सामना तिच्याशी असतो. आम्ही चौकोन पुसले आणि साडीत गुंडाळलेल्या त्या बाटल्यांचा फोटो लावला.

पण त्या फोटोतून पुढचा प्रश्न निघाला. मग आपल्याकडून विकत घेतो कोण? भाच्याने फोनमधली ऑर्डरची यादी चाळली. त्यांतली कितीतरी आडनावं आमच्याच पंचक्रोशीतली निघाली. गिरगाव, डोंबिवली, विरार, ठाणे, पिंपरी. ज्यांची गावची आई गेली, मावशीच्याने आता भिरंडं फोडवत नाहीत, घराला कुलूप लागलं आणि गणपतीत पाच दिवस उघडतं, ते आमचं गिऱ्हाईक. 'हे आत्ताच का' या पानाचं उत्तर ते होतं. दरवर्षी वाडीत आणखी एक दार बंद होतं आणि आमच्या यादीत एक पत्ता वाढतो. भाच्याने तसं लिहिलंही. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ती वाढती मागणीच होती, आकड्यांनी सिद्ध होणारी. मला ते वाचताना पोटात कालवलं. वहिनीने ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, ज्यांच्या घरांना कुलपं आहेत त्यांतल्या कुणी वाचलं तर त्याला काय वाटेल? बरंच बोलणं झालं. शेवटी ओळ राहिली, पण तिने ती बदलून घेतली: ज्यांना घरचं आगळ मिळेनासं झालं, त्यांना आम्ही ते पोचवतो. माझ्या मते संपूर्ण डेकमधलं ते सर्वांत खरं वाक्य आहे, आणि ते तिचं आहे.

जमिनीचं काय, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच होता. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की त्यातले निम्मे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. पणजोबांनंतर वाटणी झालीच नाही. ती जमीन तारण ठेवता येत नाही, विकता येत नाही, आणि तिच्या बांधावरची भिरंडं कोणी काढायची ते लेखी कुठेच नसतं, तरी सगळ्यांना ठाऊक असतं. अमक्या आंब्यापासून तमक्या वईपर्यंत थोरल्या घराची, पऱ्ह्याच्या अंगची धाकट्या घराची. कोकमाच्या मोठ्या बागा आमच्याकडे थोड्याच. झाडं बांधावर, परसात, देवराईच्या कडेला विखुरलेली. भाचा ज्यांच्याकडून फळ घेतो ती घरं त्याच झाडांची. फळ काट्यावर चढलं की पैसे हातात, त्याच दिवशी, हा त्याचा शब्द आहे आणि त्याच शब्दावर लोक त्याच्याकडे येतात. व्यापारी दोन रुपये जास्त बोलला तरी. हे कुठल्या पानात बसवायचं? नमुन्यात मालमत्तेला जागा होती, शब्दाला नव्हती. आम्ही पुरवठ्याचं वेगळं पान केलं आणि त्यात वाडीचा नकाशा हाताने काढून, फोटो घेऊन लावला.

कोकमाला 2016 साली 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' असं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा त्याचं चिन्ह पहिल्याच पानावर लावू या, असं भाच्याच्या एका मित्राने सुचवलं. पण मानांकन मिळालं म्हणून ते प्रत्येकाला लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. आम्ही नोंदणीचा अर्ज केला आणि पानावर 'अर्ज केला आहे' इतकंच लिहिलं.

राहिलं ते वाढीचं पान. पाच वर्षांचं.

झाडं लावायची, हे भाच्याचं स्वप्न आहे. कुणाच्या तरी बांधावर अवलंबून न राहता स्वतःची बाग. पण कोकमाचं झाड पाच वर्षांच्या तक्त्यात मावत नाही. बी रुजवून लावलेलं रोप फळाला यायला सात-आठ वर्षं घेतं, आणि त्यांतली साधारण निम्मी झाडं नर निघतात. नर की मादी ते फुलं येईपर्यंत कळत नाही. माझ्या आजोबांनी विहिरीच्या वर लावलेल्या झाडांतलं एक असं नर निघालं होतं. इतकी वर्षं पाणी घातलं म्हणून त्यांनी ते तोडू दिलं नाही, आणि आजही उन्हाळ्यात वहिनी दुपारची त्याच सावलीत बसते. कलमं लावली तर ती मादीचीच मिळतात आणि फळही लवकर धरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली दिलेली 'कोकण अमृता' आमच्या मनात आहे. तरीही चार-पाच वर्षं नुसती राखण करावी लागणार. नमुन्यातली हिरवी रेघ तिसऱ्या वर्षी जिथे पोचते, तिथे आमच्या कलमांना गुरांपासून वाचवायला काटेरी कुंपण असेल, बस.

बागेचा विचार बाजूला ठेवून मी गेल्या दोन वर्षांचं बँकेचं पासबुक घेतलं आणि महिन्याच्या अखेरची शिल्लक एकाखाली एक मांडली. माझं रोजचंच काम आहे ते. शीटमध्ये आकडे भरले, त्यावरून आलेख काढला आणि स्लाइडवर चिकटवला. रेघ निघाली ती हिरव्या रेघेसारखी नव्हती. पावसात ती तळाशी सरपटते. गणपतीच्या सुमाराला किंचित उठते, दिवाळीत थोडी वर, मग सपाट. होळीपासून सरबताची मागणी सुरू होते तशी चढायला लागते, आणि 31 मार्चला, जेव्हा सगळे सरकारी हिशेब बंद होतात, तेव्हा दुकानदारांची वसुली होऊन खातं भरलेलं दिसतं. ताळेबंद बघणाऱ्याला तो एकच दिवस दिसतो. त्याला वाटेल, यांना पैशाची गरज काय! एप्रिलच्या शेवटी पहिली भिरंडं येतात आणि रेघ वाकते. मे महिन्यात ती कोसळते.

ती कोसळते तेव्हा आमच्या शेडमध्ये काय चाललेलं असतं ते सांगते. पहाटेपासून टेम्पो, रिक्षा, डोक्यावरचे हारे. काट्याशी भाचा, त्याच्या कमरेच्या पिशवीत सुट्ट्या नोटा, वहीत नावं. आत दोन्ही बाजूंना बायका पाटावर बसलेल्या, प्रत्येकीपुढे एक घमेलं सालींचं, एक बियांचं. फळ बोटांनी दाबलं की फटकन उघडतं आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे होतात. आंबटाने नखांच्या कडा सोलतात, म्हणून संध्याकाळी खोबरेल लावून बसतात. साखरेची पोती, जाडं मीठ, बाटल्यांचे खोके, बुचं, लेबलं, बायकांची रोजची मजुरी, ड्रायरचं बिल. भाच्याचा फोन दर थोड्या वेळाने वाजतो, खात्यातून इतके गेले, इतके गेले. वहिनी मध्येच बाहेर येऊन दर्याच्या अंगाला आभाळ बघते. तिकडून ढग चढायला लागले की अंगणातली सोलं आत घ्यायला पोरंटोरं धावतात. त्या दिवसांत कोणी पोटभर जेवत नाही, आणि वर्षभरात घर इतकं आनंदात कधीच नसतं. भिंतीला लागून पिंपं भरत जातात. पुढच्या वर्षाची सगळी कमाई त्या पिंपांत असते आणि बँकेत जवळजवळ काही नसतं. रेघ जितकी खाली गेली तितकं वर्ष चांगलं. ज्या वर्षी मे महिन्यात खात्यात पैसे उरले, त्या वर्षी फळ कमी आलं होतं किंवा पाऊस लवकर आला होता.

हे मी भाच्याला म्हटलं, आणि तो आलेख आहे तसाच डेकमध्ये जाऊ दे असा आग्रह धरला. तो घाबरला होता. त्याचं घाबरणं मला समजत होतं. त्याने पाहिलेल्या प्रत्येक यशस्वी डेकमध्ये रेघ वर गेलेली होती, आणि उतरती रेघ दाखवणाऱ्याला कोण पैसे देणार? पण जो माणूस आज चढती रेघ बघून पैसे देईल, तो पहिल्याच जूनमध्ये खातं बघेल आणि त्याला वाटेल आपण फसलो. मग फोन सुरू होतील. पुढच्या वर्षी भिरंडं कमी घ्या, खर्च आवरा. आणि कमी फळ घेणं म्हणजे काट्याशी आलेल्या बाईला परत पाठवणं. एकदा परत गेलेली बाई पुढच्या वर्षी व्यापाऱ्याकडेच जाते. पैसे कोणाचेही असोत, ते घेण्याआधी मे महिना त्याला माहीत असला पाहिजे. माझं हे मत त्या थंडीत पक्कं झालं, आणि आता माझ्याकडे काजू, फणस, सुकी मासळी अशा हंगामी धंद्याचं जे कोणी येतं, त्याला मी आधी महिन्यांचा आलेख काढायला लावते.

वहिनीने तो आलेख पाहिला तेव्हा तिला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. तिने मे महिन्याच्या खळग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हयसर पिपांचो फोटो लाव." भाच्याने लावला. रेघेच्या सगळ्यात खालच्या टोकाला भरलेली पिंपं, आणि त्याखाली त्यांतल्या मालाची विक्रीची किंमत. तो आमच्या डेकचा कणा झाला.

बैठक ऑनलाइन झाली, जानेवारीत. समोर मुंबईचे तिघे होते. भाचा नीट बोलला, थोडा भरभर. मी त्याच्या शेजारी, वहिनी पडद्याच्या कडेला पदर सावरून. बाजाराच्या पानावर त्यांनी काही विचारलं नाही. त्या आलेखावर मात्र एकाने थांबायला सांगितलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्याने विचारलं, लागोपाठ दोन वर्षं पाऊस मेच्या मध्यावर आला तर काय करता? वहिनीने उत्तर दिलं, मालवणीतच. ड्रायर किती फळ पेलतो, उरलेल्याचं आगळ कसं धरायचं, मीठ किती दिवस आधी आणून ठेवावं लागतं. भाच्याने इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, नको, कळलं मला. नंतर शेअरवर बोलणं आलं. शेअर द्यायचे तर धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत न्यावा लागेल, आज तो वहिनीच्या एकटीच्या नावावर आहे. किती टक्के, कोणत्या किमतीला, संचालक कोण. हे सगळं तिला आदल्या रात्री सांगितलेलं होतं, तरी बैठक संपल्यावर तिने विचारलंच, की यात घर आणि विहिरीवरची झाडं येत नाहीत ना? येत नाहीत, मी म्हटलं, कागदावर दाखवते. दाखवलंही. ती हो म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी काही हलली नाही, आणि ती हलावी असं मलाही वाटलं नाही. काळजी करणारं एक तरी माणूस कंपनीत असू दे.

त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. त्यांनी दोन वर्षांचे महिनावार बँक उतारे मागितले, ते पाठवले. मेमध्ये येऊन बघू का, असंही विचारलं. भाच्याने कळवलं की जरूर या, पण त्या दिवसांत आम्हाला बसून बोलायला वेळ नसेल. काट्याशी उभे राहिलात तर सगळं दिसेल. इंग्रजीत ते जरा सौम्य करून लिहिलं.

दरम्यान डेकची मराठी प्रत गावात फिरली. वेंगुर्ल्याकडच्या एका बचत गटातल्या बायका काजूगराचं काम करतात. त्यांतली एक वहिनीच्या माहेरची. त्यांना तालुक्याला कुठेतरी आपलं काम मांडून दाखवायचं होतं. भाच्याने त्यांना फाइलची प्रत करून दिली, एका बटणाचं काम आहे ते. गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बसले. त्यांनी आमचे फोटो काढून आपले लावले, कोकम खोडून काजू लिहिलं, आणि स्पर्धकांच्या पानावर बी कच्चीच उचलून नेणारा व्यापारी घातला. महिन्यांची ओळ तशीच ठेवली, पण ती एप्रिलऐवजी फेब्रुवारीपासून सुरू केली, कारण त्यांच्याकडे बी तेव्हापासून यायला लागते आणि पैसे तेव्हापासून जायला लागतात. आकडे अजून भरायचे आहेत. पासबुकं घेऊन त्या बुधवारी यायच्या आहेत.